कमवायला परदेश, शिकायला पनवेल

रायगडच्या किनाऱ्यावर ‘परदेश’ म्हटले की पुढचे प्रश्न ठरलेले. कंपनी कोणती, पगार किती, राहणे-खाणे कंपनीचे की स्वतःचे? मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि पदवीनंतर पुढचे शिक्षण बाहेर घ्यायचे म्हणतो, असे एखाद्या बापाने मशिदीच्या पायरीवर सांगून पाहावे. ऐकणारे दोन-चार बुजुर्ग कौतुकाने मान डोलावतील आणि लगेच समजूत घालतील, अहो, डिग्री तर झालीच आहे, आणखी शिकून काय करणार, मामू कतारला आहे ना, त्याला सांगा, काहीतरी बघेल. हे ‘काहीतरी बघणे’ आमच्या समाजाचे गेल्या पन्नास वर्षांचे शैक्षणिक धोरण आहे. ते कुणी लिहून काढलेले नाही, पण मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, बोर्ली पंचतन, गोरेगाव येथे ते घरोघर पाळले जाते. आमचा वाद या धोरणाशी आहे.

परदेशाची भीती हे त्याचे कारण नव्हे. हा किनारा परदेशाला कधीच घाबरला नाही. आमच्या पणजोबांच्या पिढीत कोकणी मुसलमान ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर सारंग, सुकाणी आणि खलाशी म्हणून जात होते. कोळशाच्या भट्टीपुढे उभे राहून त्यांनी लंडन आणि लिव्हरपूलच्या गोद्या पाहिल्या. कित्येक दक्षिण आफ्रिकेत उतरले आणि तिथेच राहिले. केप टाऊनमध्ये आजही कोकणी आडनावे आहेत, कोकणी मशिदी आहेत. नंतर १९७० च्या दशकात तेलाचे पैसे आले आणि कुवेत, बाहरीन, दुबई, दम्माम ही नावे आमच्या बायकांच्या तोंडी माणगाव-महाडइतकी सहज बसली. भाषा न येता, हवामान न मानवता, पासपोर्ट कफीलच्या कपाटात ठेवून माणसे तिथे तीस-तीस वर्षे राहिली. इतका परदेश पचवलेल्या समाजाला म्युनिक किंवा मँचेस्टर दूर वाटावे, ही गोष्ट अंतराची असू शकत नाही.

पैशाचीही ती नाही, निदान सगळ्यांची नाही. त्या हिशेबावर पुढे येतोच.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. आखातात राबलेल्या माणसांबद्दल आमच्या मनात आदराखेरीज काही नाही. किनाऱ्यावरच्या शाळांच्या इमारती, मशिदींचे मिनार, बहिणींची लग्ने, आईबापांची हजयात्रा हे सारे त्यांच्या घामातून उभे राहिले. आमची तक्रार त्यांच्या मुलांबद्दल केल्या जाणाऱ्या विचाराबद्दल आहे. बाप वेल्डर म्हणून गेला, कारण त्याच्या काळी म्हसळ्याच्या पोराला वेल्डिंगपलीकडे शिकण्याची सोय नव्हती. आता ती आहे. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे, आमच्या गोरेगावच्या वेशीवर म्हणावे इतके जवळ. नवीन पनवेलला अंजुमन-इ-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस २०११ मध्ये सुरू झाले. त्याआधी भायखळ्याच्या साबू सिद्दीकने आमच्या कितीतरी मुलांना हातात हुन्नर दिले. म्हणजे बापाला जे दार बंद होते ते मुलाला उघडे झाले, मुलगा चार वर्षे शिकून बी.ई. झाला, आणि मग? मग तो एखादा सेफ्टीचा किंवा क्यूए-क्यूसीचा तीन महिन्यांचा कोर्स करतो आणि बापाच्याच साइटवर, बापापेक्षा थोड्या बऱ्या खोलीत, जाऊन राहतो. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचा उपयोग काय झाला, तर हेल्मेटचा रंग बदलला.

हे चालून गेले असते, जर आखात तसेच राहिले असते. ते राहिलेले नाही, आणि हे सांगायला पंडिताची गरज नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्या वेळी एका सुटकेसवर परतलेली माणसे आमच्या प्रत्येक मोहल्ल्यात होती. दोन-तीन वर्षांत धक्का विसरला गेला आणि पुन्हा रांग लागली. सौदीने २०११ मध्ये निताकत आणले, म्हणजे आपल्या नागरिकांना नोकऱ्यांत ठरावीक वाटा सक्तीचा केला. जुलै २०१७ पासून तिथे परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल कर सुरू झाला आणि तो दरवर्षी शंभराने वाढत ४०० वर गेला. बायको आणि तीन मुले असलेल्या माणसाने हिशेब केला आणि कुटुंब गावी पाठवून दिले.

पण इंजिनिअरांना खरा तडाखा कुवेतने दिला. २०१८ मध्ये तिथल्या मनुष्यबळ खात्याने ठरवले की, इंजिनिअर म्हणून इकामा नवा करायचा असेल तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचा ना-हरकत दाखला हवा. आणि त्या संस्थेने भारतातल्या पदव्यांपैकी फक्त नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनची, म्हणजे एनबीएची, मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांच्या पदव्या धरल्या. दहा-पंधरा वर्षे इंजिनिअर म्हणून काम केलेल्या माणसांना कळले की, आपल्या कॉलेजला एआयसीटीईची परवानगी होती, विद्यापीठाची संलग्नता होती, पण एनबीए नव्हते. हजारो भारतीय इंजिनिअर त्या एका कागदावर अडकले. काहींना इकाम्यावर सुपरवायझर, टेक्निशियन असे लिहून घ्यावे लागले. मामू काहीतरी बघेल म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, यात मामूने काय बघावे?

यातली मेख अशी आहे की, हा दगड पुढे शिकायला जाणाऱ्याच्याही वाटेत आहे आणि तो बारावीच्या सुट्टीत ओळखता येतो. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. या करारातले देश एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या समकक्ष मानतात. पण आमच्याकडे एनबीएच्या दोन पायऱ्या आहेत, आणि करारात फक्त पहिल्या पायरीवरचे अभ्यासक्रम धरले जातात. पहिली पायरी स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांसाठी, दुसरी संलग्न कॉलेजांसाठी. कॉलेज निवडताना आमचे पालक काय विचारतात? होस्टेलमध्ये जेवण हलाल आहे का, जुम्याला सुट्टी मिळते का, ओळखीचे कोणी आहे का, देणगी किती. हे प्रश्न चुकीचे नाहीत. त्यांच्याबरोबर आणखी एक विचारायला काय हरकत आहे की, याच शाखेला, याच वर्षी, एनबीएची मान्यता आहे का आणि कुठल्या पायरीची? मान्यता कॉलेजला नसते, शाखेला असते, आणि तिची मुदत संपते. मेकॅनिकलला असेल आणि सिव्हिलला नसेल. फलकावर मात्र एकच मोठे अक्षर रंगवलेले असते.

बाहेर शिकायला जाणे म्हणजे शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर वाशी-पनवेलच्या एखाद्या सल्लागाराच्या थंडगार केबिनमध्ये बसणे, असा आमच्याकडे समज आहे. तिथे सल्ला फुकट मिळतो, चहा मिळतो आणि पंधरा दिवसांत कुठल्यातरी विद्यापीठाचे पत्रही मिळते. फुकट का मिळतो, हे कुणी विचारत नाही. बहुतेक अशा सल्लागारांना मुलगा पाठवल्याबद्दल ते विद्यापीठच दलाली देते, मग जे विद्यापीठ दलाली देत नाही त्याचे नाव ते कशाला घेतील? जर्मनीतली सरकारी विद्यापीठे अशी दलाली देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणून त्या केबिनमध्ये तुम्हाला जर्मनीतल्या खासगी कॉलेजांचे माहितीपत्रक मिळेल, सरकारी विद्यापीठाचे क्वचितच. आखातातल्या व्हिसा एजंटाला ओळखण्यात आमची माणसे तरबेज झाली, ती तीस वर्षे ठेचा खाऊन. या नव्या एजंटाच्या बाबतीतही तेवढ्याच ठेचा खायच्या का?

खरी तयारी दुसऱ्या वर्षाला सुरू होते. मुंबई विद्यापीठाच्या मुलांना केटी हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, तीन-चार केट्या म्हणजे सर्दीपडसे. बाहेरचे विद्यापीठ प्रत्येक सत्राचा निकाल बघते, नापास झालेला विषयही बघते, कुठे कुठे अशा विषयांच्या संख्येला मर्यादा असते. चौथ्या वर्षी शुद्धीवर येऊन दुसऱ्या वर्षाचे गुण बदलत नाहीत. पुढल्या ऑक्टोबरात किंवा सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचा असेल तर अर्ज आधीच्या हिवाळ्यात जातो. त्याआधी इंग्रजीची परीक्षा, तिचा निकाल दोन वर्षे चालतो. अमेरिकेसाठी कुठे कुठे जीआरई, तिचा पाच वर्षे. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात परीक्षा देऊन ठेवता येते. शिफारसपत्र लिहायला प्राध्यापकाला आपले नाव तरी ठाऊक असावे लागते, ते शेवटच्या बाकावर बसून होत नाही. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळायला आठवडे जातात. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र काढावे लागते, म्हणजे सगळ्या गुणपत्रिका त्यांच्या दिल्लीच्या कार्यालयाकडून तपासून घ्याव्या लागतात. तेही महिन्याभराचे काम धरा, गर्दीच्या दिवसांत जास्त.

आणि नाव! या एका गोष्टीवर आमच्या पोरांचे जितके अर्ज लटकतात तितके गुणांवर लटकत नसतील. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मोहंमद, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘एमओएचडी’ आणि एक टिंब, पासपोर्टवर ते टिंब गायब. आडनाव कुठे गावाचे, कुठे खानदानाचे, कुठे नाहीच, आजोबांचे नावच आडनावाच्या रकान्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा बंद केला तेव्हा आमच्याकडे धावाधाव झाली. ती धावाधाव पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी करायची असते. दहावीचा अर्ज भरताना तर नक्कीच, कारण त्यानंतरची दुरुस्ती म्हणजे राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि बोर्डाच्या खेपा. मुख्याध्यापकांनी दहावीच्या पालकांची एक सभा निव्वळ नावाच्या स्पेलिंगवर घेतली तर ती वर्षातली सर्वांत उपयोगाची सभा ठरेल, असे आमचे मत आहे.

आता पैसा. अमेरिकेत दोन वर्षांच्या एम.एस.ला फी आणि राहणे मिळून चाळीस लाखांच्या पुढे खर्च सहज जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी च्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारा हुकूम निघाला. कुणाला तो लागू, कुणाला नाही, यावर वकील भांडत राहोत, पण कर्ज काढून जाणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा तो आलाच. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना बायकामुले बरोबर नेण्यास बंदी केली. कॅनडाने त्याच वर्षी विद्यार्थी परवान्यांना मर्यादा घातली. हे वाचून ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असे म्हणणारे खूश होतील. त्यांनी जर्मनीचा हिशेब ऐकावा.

तिथल्या बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून सत्राला १५०० युरो घेते, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केले, अशी अपवादांची यादी वाढते आहे. पण अजून ते अपवादच आहेत. व्हिसासाठी एका बंद खात्यात वर्षाचा खर्च आधी भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ती रक्कम ११,९०४ युरो ठरली, साधारण १२ लाख रुपये. ते पैसे कुणी घेत नाही. महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने ते मुलालाच परत मिळतात, त्यातून तो राहतो-खातो. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, म्हणून दुसऱ्या वर्षाचा बराचसा भार तो स्वतः उचलू शकतो. मास्टर्सचे अनेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, तरी नोकरीला जर्मन लागतेच, आणि ती तिसऱ्या वर्षापासून शिकावी लागते. कुवेतला जाऊन बापाने अरबी बोलायला शिकली ना? मग मुलाला जर्मन अवघड का जावी!

बारा लाख. हा आकडा आमच्या किनाऱ्यावर कुठे ऐकू येतो? लग्नात. मेहंदीचा मंडप, हॉल, हजार-बाराशे पाने बिर्याणी, दुबईहून आणलेले सोने, वलिम्याला पुन्हा तेच. एका लग्नाचा खर्च बारा लाखांवर गेला असे सांगताना बापाचा आवाज थोडा चढतो. शिक्षणाला बारा लाख म्हणताच तोच आवाज खाली येतो आणि शरीयत आठवते. व्याजाचे कर्ज हराम आहे.

या मुद्द्याला आम्ही हसून बाजूला सारणार नाही. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणे आमचे काम नाही, आणि जो माणूस खरोखर व्याजापासून दूर राहतो, गाडी हप्त्यावर घेत नाही, क्रेडिट कार्ड वापरत नाही, ठेवीवरचे व्याज घरात आणत नाही, त्याच्या तक्व्यापुढे आम्ही मान लववतो. पण अशी माणसे किती? एनआरई खात्यातल्या मुदतठेवींवर ज्याचे घर चालते, ज्याच्या दारात हप्त्याची गाडी उभी आहे, त्याला बँकेच्या कर्जातले व्याज फक्त मुलीच्या किंवा मुलाच्या फीच्या वेळी दिसावे, याला आम्ही दीनदारी म्हणायला तयार नाही. आणि खरोखर व्याज टाळायचे असेल तर दीननेच वाट दाखवली आहे, कर्जे हसना. बिनव्याजी द्यायचे, फेडण्याला मुदत द्यायची. चार मामू, दोन चाचे आणि एक खालू मिळून तीन-तीन लाख देऊ शकत नाहीत का? आझाद व्हिसासाठी एजंटाला द्यायला हेच नातेवाईक तासाभरात पैसे काढून देतात. तिथे परतफेड वर्षाभरात दिसते, इथे तीन वर्षांनी, एवढाच फरक.

ज्यांना बँकेकडे जायचे आहे त्यांची अडचण वेगळीच. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते. आमच्याकडे तारण आहे, वाडी आहे, घर आहे. पण सातबारा उघडला की त्यावर पणजोबांचे नाव. वारस सव्वीस, त्यांतले सात मुंबईत, पाच कुवेतला, दोन शाखा आफ्रिकेत, एक फाळणीत कराचीला गेलेली. फेरफार झालेला नाही, वाटणी झालेली नाही, आणि बँकेचा वकील असा कागद बाजूला ठेवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडच्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हाही सामायिक सातबाऱ्याने कितीतरी घरांना भरपाईच्या रांगेत रखडवले होते. तरी नोंदी तशाच. कारण वारस नोंद करायची म्हणजे बहिणींची नावे लावायची. बहिणीचा हिस्सा कुराणाने ठरवून दिला आहे, त्यावर कुठल्याही मसलकात मतभेद नाही. तो द्यायचा नाही म्हणून सातबारा दोन पिढ्या गोठवायचा किंवा तिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घ्यायची, आणि बँकेत जाऊन व्याज हराम आहे म्हणायचे! आमच्या किनाऱ्यावर शरीयतीला फक्त खर्चाच्या बाजूने बोलावले जाते.

सरकारबद्दल बोललेच पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीने सांगितले की, देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या दर ५० मध्ये एक मुसलमान आहे. त्यानंतर काही योजना आल्या. केंद्राने २०१३-१४ मध्ये ‘पढो परदेश’ काढली. अल्पसंख्याक विद्यार्थ्याने परदेशी शिक्षणासाठी कर्ज घेतले तर अभ्यासाच्या काळातले आणि नंतरच्या सवलतीच्या मुदतीतले व्याज सरकार भरत असे. २०२२-२३ पासून ती बंद केली. त्याच सुमारास मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद झाली. कारण दिले गेले की, अशाच इतर योजना आहेत. ‘पढो परदेश’सारखी अल्पसंख्याकांसाठी दुसरी कोणती होती, हे कारण देणाऱ्यांनी सांगितले असते तर बरे झाले असते. दहा वर्षांत लावलेले रोपटे उपटायला एक पत्र पुरले, आणि संसदेतले चार प्रश्न सोडले तर कुणी मोठा आवाज केला नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती जाहीर केली, ती साऱ्या महाराष्ट्रात मोजक्याच मुलांपुरती. अल्पसंख्याक वित्त महामंडळाच्या कर्जाची सोय कागदावर आहे. पण तिथेही उत्पन्नाची मर्यादा, जामीनदार आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या खेपा. या सगळ्याचा जाब मागायचाच आहे. मात्र जाब मागणाऱ्याच्या हातात अर्ज लागतो. ‘पढो परदेश’ जिवंत होती तेव्हाच्या दहा वर्षांत आमच्या किती गावांच्या मशिदीत तिचे नाव कुणी वाचून दाखवले? व्याजाचा प्रश्न असणाऱ्यांनाही तिच्यावर बोलण्यासारखे बरेच होते, पण बोलायला ती माहीत तर हवी.

माहिती पोचवणारी यंत्रणा आमच्याकडे नाही असे नाही. कोकणी मुसलमानांच्या गावजमाती मुंबईत आहेत, कुवेत-कतारमध्ये आहेत. मय्यत झाली तर दोन तासांत साऱ्या जगात खबर जाते. जमातीच्या वार्षिक ताळेबंदात मशिदीची रंगरंगोटी असते, कब्रस्तानची भिंत असते, रमजानचा इफ्तार, बयानाला आलेल्या पाहुण्यांचा प्रवासखर्च असतो. शिक्षणाच्या ओळीसमोर वह्यावाटप. दहावीत पहिल्या आलेल्या मुलाला शाल, ट्रॉफी आणि इल्मच्या फजिलतीवर पाऊण तासाचे भाषण. त्या भाषणात चीनपर्यंत जाण्याचा उल्लेख येतोच. मुहद्दिसांनी ती रिवायत कमजोर ठरवली आहे हे बाजूला ठेवू, पण चीनचे तिकीट कोण काढणार, हे आजवर कुठल्याही वक्त्याने सांगितलेले नाही. आमचे म्हणणे साधे आहे. आखातातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने महिन्याला पाचशे रुपये दिले तर दोनशे माणसांच्या जमातीकडे वर्षाला १२ लाख जमतात. दरवर्षी एका मुलाचे बंद खाते. तो तीन-चार वर्षांत परत करतो, पैसे पुढच्याला जातात. जकातीचा पैसा वेगळा ठेवावा, तो हक्कदार गरीब विद्यार्थ्यालाच आणि आलिमांना विचारून द्यावा. ही मात्र जकात नाही, उसनवारी आहे, तिचा लेखी करार करावा, दोन साक्षीदार घ्यावेत. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आमच्याच किताबात आहे.

आणि ‘मुलाचे’ असे आम्ही लिहिले, ते सवयीने नव्हे. मुलींबद्दल स्वतंत्र बोलायचे होते म्हणून. पनवेलच्या, लोणेऱ्याच्या वर्गांत आमच्या मुली आहेत, आणि मुलांपेक्षा कमी केट्या घेऊन आहेत. त्यांच्या बाबतीत पुढच्या शिक्षणाची चर्चाच होत नाही, कारण एकटी मुलगी परदेशी कशी पाठवायची? याच मुलीचा निकाह झाला की तीन महिन्यांनी ती एकटीच सहार विमानतळावरून दोह्याचे विमान पकडते, कारण नवऱ्याने व्हिसा पाठवला आहे. विमान तेच असते.

१९०६ मध्ये जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांची धाकटी बहीण अतिया फैझी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेली. मुरूडच्या राजवाड्याशी नाते असलेली ती मुलगी; घराणे मोठे होते, पैसा होता, हे खरेच. पण बदनामीची भीती मोठ्या घराण्याला कमी नसते, जास्त असते. तिने तिथली रोजनिशी उर्दूत लिहिली, ती पुढे पुस्तकरूपाने आली. प्रकृतीमुळे तिचा अभ्यास अर्धा राहिला, तरी जाण्याने तिचे काही बिघडले नाही. तिच्याही आधी, १८६० मध्ये, तय्यब अली यांनी आपल्या बद्रुद्दीनला पंधरा-सोळा वर्षांचा असताना विलायतेला धाडले. तो बॅरिस्टर होऊन परतला आणि १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-इ-इस्लामच्या स्थापनेत पुढे होता. त्याच अंजुमनचे कॅम्पस आज नवीन पनवेलला आहे. आणि सावित्रीकाठच्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले आणि १९८० मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव बदलून रायगड झाले तेही त्यांच्याच काळात. आंबेत तेव्हा किती आडगाव असेल याची कल्पना आजच्या कारवाल्यांना यायची नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, जो सर्वांत जास्त प्रेमाने घेतला जातो. शिकायला गेलेला पोरगा परत येत नाही, दीनापासून तुटतो, गोरी बायको करतो. यातल्या बायकोच्या भागावर आम्ही काही बोलत नाही, नशिबाचा भाग आहे. दीनाचे म्हणाल तर बर्लिनला, ग्लासगोला जुम्याची जमात भरते आणि तिथे उभा राहणारा मुलगा स्वतःहून उभा राहतो, बाप बघतो म्हणून नाही. परत न येण्याचे मात्र मोजून पाहू. म्हसळ्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यातून असरनंतर एक फेरी मारावी. दुमजली घरे, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, लोखंडी गेट, गेटला कुलूप, आणि अंगणात पोफळीची सुकलेली झापे. घराचा मालक आखातात आहे, बायकामुले मीरा रोडला किंवा मुंब्र्याला, आणि किल्ली शेजारच्या खालाकडे. ती दर गुरुवारी उघडून झाडून घेते. ही घरे शिकायला गेलेल्यांची नाहीत.